वाचून न दाखवलेला अर्ज

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी अर्ज भरायला बसले ती चार वाजले तरी त्याच पानावर होते. हॉलंडहून जरबेराची रोपं आणायची तर आधी सरकारचा परवाना लागतो, आणि त्या परवान्यासाठी हा अर्ज. झाडाचं शास्त्रीय नाव, वाण, नग, कुठल्या देशातून येणार, कुठल्या विमानतळावर उतरणार, उतरल्यावर बाकीच्या झाडांपासून वेगळी कुठे ठेवणार. एकेक रकाना बघितला तर सोपा आहे. पण एक चुकला की खोकी विमानतळावर अडकतात, आणि खोक्यात अडकलेलं जरबेराचं रोप फार दिवस वाट बघत बसत नाही.

मी या नर्सरीत एकोणीस वर्षं आहे. सुप्याच्या थोडं पुढे, नगर-पुणे रस्त्याला लागून आमच्या शेड दिसतात. रोपं वाढवणं हे माझं काम. परवान्याचे अर्ज हे रूथताईंचं काम होतं. त्या गेल्या वर्षी मे महिन्यात निवृत्त झाल्या. त्यानंतर बाहेरून काही मागवायची वेळ आली नाही, म्हणून निभावलं.

चारच्या सुमारास आमचे मालक दारातून डोकावले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

"सुनंदाताई, अडलंय का? रूथताईंना एक फोन लावा की."

"अडलं नाही."

"नंबर देऊ?"

"नंबर आहे माझ्याकडे."

नंबर आहे, पण लावणार नाही. रूथ साळवे या बाईंचा मी इतकी वर्षं हेवा केला आहे की आता एका फोनसाठी तो सोडून देणं मला जमायचं नाही.

आधी माझी बाजू सांगते. मी शेतीची पदवी घेतलेली आहे. रूथताई बारावी आणि टायपिंग. त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, आणि मी आले तेव्हा आधीच इथे होत्या. टेबलाच्या डाव्या बाजूला पेन्सिलींचा डबा, उजव्या बाजूला पाण्याची बाटली, आणि मध्ये त्या. मला वाटलं, ही कारकून असणार. दोन आठवड्यांत लक्षात आलं की नर्सरीत कुठल्याही प्रश्नाचं उत्तर शेवटी त्याच टेबलावर येतं. रोपांना पाणी किती, हे मला विचारत. रोपं आणायची की नाही, हे त्यांना विचारत.

दिसायला त्यांच्यात काही नव्हतं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस घट्ट बांधलेले, पातळं फिक्या रंगाची. नगरमध्ये चर्चच्या मागच्या वस्तीत राहत आणि रोज एसटीने येत. गाडीत बसायला जागा मिळाली नाही तरी चेहरा तोच. कामाला त्यांच्या तीन चपला असत. एक रस्त्याची, एक शेतातली, एक क्वारंटाईन शेडमधली. बाहेरून आलेली झाडं महिना-दीड महिना ज्या जाळीच्या शेडमध्ये वेगळी ठेवतात, ती ही शेड. आमच्या बायका तिला कोरंटी म्हणतात. करोनात सगळी दुनिया घरात कोंडली गेली तेव्हा आमची हौसाबाई म्हणाली होती, "मान्सांची कोरंटी आत्ता आली. झाडांची आमच्याकडं लई जुनी हाय."

शेडची चप्पल शेडच्या दारातच राहायची. शेडचा पांढरा कोट आतल्या खिळ्यावर. एकदा अण्णांचे व्याही नर्सरी बघायला आले आणि बुटांसकट आत निघाले. रूथताईंनी त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या चपला ठेवल्या. ते म्हणाले, "अहो, मी आत्ताच गाडीतून उतरलोय, पाय स्वच्छ आहेत." त्या म्हणाल्या, "तुमचे आहेत. तुमच्या आधी त्या गाडीत कोण बसलं, ते मला माहीत नाही." व्याह्यांनी चपला घातल्या. मी बाजूला उभी होते. माझ्या पायात शेतातलीच चप्पल होती. ती मी हळूच काढली.

त्यांच्या घरी एकही झाड नव्हतं. कुंडी नाही, तुळस नाही, दाराशी मोगऱ्याचा वेलसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी नर्सरीतून काही ना काही घरी नेलेलं. माझी गच्ची भरलेली आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी रोज कोरंटीत जाते. घरच्या झाडावरची कीड पदराला लावून आत नेली तर कुणाला सांगू?" मला ते ढोंग वाटलं. खरं सांगायचं तर मला ते ढोंग वाटायला हवं होतं.

अण्णांच्या मुलीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. ती परदेशातून सुट्टीला आली तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळून कसल्याशा फुलाचे चार कंद घेऊन आली. अण्णांनी ते काचेच्या बरणीत पाण्यात ठेवून केबिनच्या खिडकीत मांडले. दोन दिवसांत पांढरी मुळं सुटली. तिसऱ्या दिवशी रूथताई कसली तरी सही घ्यायला आत गेल्या.

"अण्णा, हे कुठून आले?"

"लेकीने आणले. सुरेख आहेत ना?"

"यांचा परवाना?"

अण्णा हसले. "अहो, चार कंद आहेत. तिच्या बॅगेतून आलेत."

"सगळे रोग बॅगेतूनच येतात, अण्णा. विमानाचं तिकीट काढून कोण येतं?"

अण्णा चिडले. लेक घरात, आणि तिने प्रेमाने आणलेलं. पण रूथताई तिथेच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, समजावलंही नाही. सही घ्यायचा कागद मात्र पुढे केला नाही. शेवटी अण्णांनीच बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कंद मागच्या खड्ड्यात नेऊन जाळून टाकले. बरणीतलं पाणीसुद्धा उकळून मग ओतलं, हे मी स्वतः पाहिलं.

पुढचा महिनाभर अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगत होते, आणि जणू ती त्यांच्याच कडकपणाची गोष्ट आहे अशी सांगत होते. "आमच्या रूथताई मालकालाही सोडत नाहीत." मी गप्प ऐकायचे. कारण ती बरणी मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. शेतीची पदवी असलेल्या बाईने ते कंद हातात घेऊन म्हटलं होतं, "अण्णा, वाढले की एक मला द्या."

कृषी विद्यापीठातले तपासणी अधिकारी यायचे. बाहेरून आलेली रोपं ठरलेल्या दिवशी येऊन बघतात, निरोगी असली तर सोडतात. दारातून आत आले की पहिला प्रश्न, "रूथताई आहेत ना?" मी समोर उभी असले तरी. रोपांच्या पानांबद्दल, मुळांबद्दल, पाण्याबद्दल सगळी उत्तरं मला माहीत. पण मला नमस्कार, आणि प्रश्न त्यांना. त्या मला हाक मारत. "सुनंदाबाई, मुळांचं तुम्ही सांगा." मी सांगायचे. साहेब मान हलवायचे आणि लिहून घेताना रूथताईंकडे बघायचे. मला बोलावून घेतल्याचं जास्त लागायचं. बोलावलं नसतं तर निदान रागावता आलं असतं.

फोनवर दिल्लीशी बोलताना त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "सर, वो हमारा कागद आगे सरका क्या? नहीं सरका? तो किधर बैठा है, वो तो बताव." पलीकडचा माणूस हसत असणार, पण कागद सरकायचा. मी शुद्ध हिंदीत फोन केला तर पलीकडून सांगायचे, मेल करा.

आता त्यांची खरी पद्धत सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

त्या अर्ज आधी कागदावर पेन्सिलीने भरायच्या. नगांचा रकाना सोडून. मग कोरंटीत जायच्या, मोजायच्या, आणि परत येऊन आकडा लिहायच्या. शेडमध्ये आठ बाकडी आहेत. शेडच्या कागदावर आठच लिहिलेली आहेत, वर्षानुवर्षं तीच. तरी प्रत्येक अर्जाला आत जाऊन मोजायचं. "बाकडं पळून गेलं असेल का?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "बाकडं पळत नाही. त्याचा पाय मोडतो."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेन्सिलीचा कागद घेऊन शेडच्या पायरीवर बसायच्या आणि हौसाबाईला वाचून दाखवायच्या.

हौसाबाई कोण, तर कोरंटीत पाणी घालणारी बाई. वाळकी गावची. शाळा दुसरीपर्यंत. सही करते, वाचत नाही. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ती ऐकायची, आणि रूथताई मोठ्याने वाचायच्या. आयात करणाऱ्याचं नाव. पाठवणाऱ्याचं नाव. झाडाचं शास्त्रीय नावसुद्धा. हौसाबाई मध्येच अडवायची. "पेटी कुठं उतरनार?" "मुंबईला." "तितनं हितं कशात येनार?" "थंड टेम्पोत." "आन् येईल त्या दिवशी कोन हाय? मी न्हाई, माज्या पुतनीचं लगीन हाय." रूथताई कागदाच्या कडेला काहीतरी लिहायच्या.

मला हा निव्वळ देखावा वाटायचा. बघा, मी किती साधी, मजूर बाईलाही विचारते. मी अण्णांना एकदा म्हटलंही, "या दोघींचा कारभार छान आहे. एकीला वाचता येत नाही आणि दुसरीला वाचून दाखवल्याशिवाय राहवत नाही." अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "एवढ्या वर्षांत एक खोकं अडकलं नाही, सुनंदाताई."

ते खरं होतं. म्हणजे, एका वेळेपर्यंत.

आमच्याकडे आजही म्हणतात की रूथताईंची सबंध नोकरीत एकच चूक झाली. करोनाच्या आदल्या वर्षी. कुणी नवं माणूस कामाला लागलं आणि घाबरलं की अण्णा सांगतात, "अरे, रूथताईंचीही एकदा चूक झाली होती." ही गोष्ट मला कित्येक वर्षं ऐकायला आवडत आली आहे. तिच्यात खोट एवढीच आहे की ती चूक त्यांची नव्हती. माझी होती.

झालं असं. त्या वर्षी जरबेराचा एक नवा वाण मिळत होता, गडद लाल. रोपं पाठवणाऱ्यांचा पुण्यातला माणूस रोज फोन करायचा. आणि तेव्हाच रूथताईंच्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं. आई अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत, भावाकडे. रूथताईंनी दीड महिन्याची रजा घेतली. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी संगणकावर अर्ज भरून ठेवला आणि मला बोलावलं.

"सुनंदाबाई, सगळं भरलंय. नग तेवढे राहिलेत. मला आत जाऊन मोजायला वेळ झाला नाही. उद्या हौसाबाईला घेऊन आत जा, मोजा, तिला एकदा वाचून दाखवा, आणि पाठवा. पासवर्ड ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर आहे."

"मोजायला हौसाबाई कशाला?"

"तिला माहीत आहे," एवढंच म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

तिला माहीत आहे. मला नाही. मी पदवीधर, बारा-तेरा वर्षं या नर्सरीत रोपं वाढवलेली, आणि मी किती रोपं बसतील हे हौसाबाईला विचारायचं. मी आत गेले नाही. टेबलावर बसून हिशेब केला. माझ्या वाढीच्या शेडमध्ये तेवढ्याच बाकड्यावर साडेसातशे रोपं मी नेहमी बसवते. आठ बाकडी. सहा हजार. लिहिलं आणि पाठवून दिलं. पाठवताना मला जे वाटलं ते आठवतं. हलकं वाटलं. एवढंच तर होतं, मग एवढी वर्षं त्याचं कौतुक कशाला?

परवाना आला. खोकी आली. लाल जरबेराची सहा हजार रोपं, एकसारखी, मुळं पांढरीशुभ्र. मी आणि बायका कोरंटीत लावायला लागलो, आणि साडेतीन हजारांनंतर जागा संपली. वाढीच्या शेडमध्ये रोपं खेटून चालतात. कोरंटीत चालत नाहीत. तिथे प्रत्येक कुंडीच्या चारही बाजूंनी बघता आलं पाहिजे, आणि एक बाकडं कायम रिकामं ठेवायचं असतं, आजारी पडलेल्यासाठी. हौसाबाईला हे माहीत होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाकीची रोपं मी रिकाम्या बाकड्यावर आणि खाली जमिनीवर दाटीवाटीने मांडली.

दोन दिवसांनी रूथताई रजेवरून आल्या, आणि त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. साहेबांनी दारातूनच बघितलं. जमिनीवर ठेवलेल्यांतल्या काहींच्या पानांवर डाग दिसायला लागले होते. ते म्हणाले, "साडेतीन हजार राहू द्या. बाकीची नष्ट करा, आजच. दुसऱ्या शेडला न्यायची नाहीत."

अण्णा धावत आले. अर्ज कुणी पाठवला, हा प्रश्नच निघाला नाही. सगळे अर्ज रूथताईच पाठवतात. अण्णांना वाटलं, रजेवर जायच्या घाईत पाठवला. सगळ्या बायकांसमोर, साहेबांसमोर अण्णा त्यांना म्हणाले, "घरचं डोक्यात घेऊन कामं करायची नसतात, रूथताई. आई सगळ्यांनाच असते."

मी तिथेच होते. चार पावलांवर. माझ्या हातात कुंडी होती.

रूथताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "बरोबर आहे, अण्णा," म्हणाल्या आणि कोट घालायला आत गेल्या.

अडीच हजार रोपं आम्ही मागच्या खड्ड्यात जाळली. ओली रोपं पेटत नाहीत, म्हणून पाचट आणून खाली घालावं लागलं. धूर सुप्याच्या बाजूला जात होता. रूथताई प्रत्येक टोपली मोजून आत टाकायच्या आणि रजिस्टरमध्ये लिहायच्या. शेवटची टोपली गेली तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "अण्णांना खरं का नाही सांगितलंत?"

त्यांनी पेन्सिल केसात खोचली. "पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मी गेले. अर्जाखाली नाव माझं आहे."

"पण आकडा मी लिहिला."

"ते सांगायचं असेल तर तुम्ही सांगा, सुनंदाबाई. ते माझ्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला. त्यावर कधी एक शब्द नाही, टोमणा नाही, माझ्याशी वागण्यात फरक नाही. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे: जागेपेक्षा जास्त रोपे मागवली. चूक कार्यालयाची.

मी सांगितलं नाही. आधी वाटलं, अण्णा शांत झाले की सांगू. मग करोना आला. मग ती जुनी गोष्ट झाली, आणि गोष्ट इतकी सोयीची झाली होती की तिला हात लावावासा वाटेना. मला लाज वाटायची का? थोडी. पण त्यापेक्षा जास्त राग यायचा. माझी चूकसुद्धा त्या बाईंनी नीट माझ्याकडे राहू दिली नव्हती. ती त्यांच्या नावावर गेली, आणि त्यांच्या नावावर जाऊनही त्यांना शोभून दिसली. लोक म्हणत, "बघा, एवढी मोठी बाई, पण चूक झाली तर मान खाली घातली." म्हणजे चुकीचंही कौतुक त्यांचंच.

निवृत्त व्हायच्या आधी महिनाभर त्यांनी मला विचारलं होतं. "अर्जाचं सगळं दाखवू का? दोन दिवस बसू."

मी म्हटलं, "मला येतं."

त्यांनी मान हलवली, पेन्सिलींचा डबा उचलला आणि मला दिला. तो मी कपाटात ठेवला. आज अर्ज भरायला बसले तेव्हाही काढला नाही. सरळ संगणकावर भरत बसले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या फेब्रुवारीत. भंडारदऱ्याजवळच्या एका हॉटेलला शोभेची झाडं पोचवून आम्ही पिकअपने परत येत होतो. राजूरला बाजाराचा दिवस होता, रस्ता गच्च, जीपा आडव्यातिडव्या उभ्या. आमची गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी खिडकीतून बघत होते, आणि रस्त्याच्या पलीकडे रूथताई दिसल्या; त्यांच्या आईची वाडी तिथून जवळच.

एक माणूस पोत्यावर रोपं मांडून बसला होता. गुलाब, झेंडू, मिरचीची रोपं, काळ्या पिशव्यांतली. रूथताई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. डोक्यावर ऊन होतं, पदर डोक्यावर घेतलेला. त्यांनी मोगऱ्याचं एक रोप उचललं, चष्मा काढून त्याची काच भिंगासारखी पानाजवळ धरली, आणि एकेक पान उलटं करून बघायला लागल्या. माणूस काहीतरी म्हणाला. बहुतेक म्हणाला असेल, घ्यायचं तर घ्या, बाई. त्या बघतच होत्या. मग पिशवीच्या बुडाशी बोट घालून मुळं चाचपली, बोटाचा वास घेतला, आणि रोप परत ठेवलं. दुसरं उचललं. तेही परत. चौथं की पाचवं रोप त्यांनी मांडीवर ठेवलं. मग हसल्या. त्या इतक्या मोकळ्या हसलेल्या मी नर्सरीत कधी पाहिल्या नव्हत्या. माणूसही हसला.

आयुष्यभर घरी झाड न ठेवलेली बाई पहिलं झाड विकत घेत होती.

रस्ता दहा पावलांचा होता. मी दाराच्या खटक्यावर हात ठेवला होता. ड्रायव्हर आला, म्हणाला, "मॅडम, त्या आपल्या रूथताई न्हाईत का?" मी म्हटलं, "कुणीतरी दुसऱ्या असतील. चल." गाडी हलली. मागच्या आरशात त्या रोप काखेत धरून उठताना दिसल्या, एक हात गुडघ्यावर टेकून.

हे सगळं आज अर्ज सोडून लिहीत बसले. अर्जात साडेतीन हजार लिहिले आहेत, माझा धडा मी शिकलेली आहे. पाठवायचं बटण दाबलं नाही. का दाबलं नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही.

पंधरा नोव्हेंबर. सकाळी साडेआठला अर्जाची छापील प्रत घेऊन कोरंटीच्या पायरीवर गेले. हौसाबाई चहा पीत बसली होती. मी म्हटलं, "हौसाबाई, अर्ज वाचते. ऐक."

ती सरकून बसली. मी वाचायला लागले. आठव्या-नवव्या ओळीला साडेतीन हजार आले.

"आत जाऊन मोजलं का?"

"सात बाकडी, पाचशेप्रमाणे. एक रिकामं सोडलंय."

"आत जाऊन मोजलं का म्हनते मी."

चपला बदलल्या, कोट घातला आणि आत गेले. रूथताई गेल्यापासून मी आत पाऊल ठेवलं नव्हतं. सहाव्या बाकड्याचा पाय कुजून वाकला होता. त्याच्यावरची जाळी एका कोपऱ्यात हाताएवढी फाटली होती. बाहेर येऊन मी साडेतीन हजार खोडून तीन हजार लिहिले, आणि खाली लिहिलं: आधी जाळी.

तेवढ्यात अण्णा आले. माझ्या हातात खोडलेला कागद बघून म्हणाले, "होतं हो, सुनंदाताई. घाबरू नका. रूथताईंचीही एकदा—"

"ती चूक माझी होती, अण्णा. आकडा मी लिहिला, मीच पाठवला. त्या मोजायला सांगून गेल्या होत्या. मी मोजलं नाही."

अण्णांनी खोडलेला आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी त्यांना त्यांच्या आईवरून बोललो होतो."

"हो. मी ऐकलं होतं."

हौसाबाईने चहाचा शेवटचा घोट घेतला. "मला ठावं हुतं."

मी तिच्याकडे वळले. "तुला रूथताईंनी सांगितलं?"

"त्या कशाला सांगतील? त्यो फारम मला कुनी वाचलाच न्हवता. मंग त्यांचा कसा आसंल?"

अण्णा खिशातून फोन काढत रस्त्याच्या बाजूला गेले. कुणाला लावत होते, ते विचारायची गरज नव्हती. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "रूथताई, अण्णा बोलतोय," आणि मला तो जुना, ओळखीचा हेवा टोचला.

हौसाबाईने पेला पायरीवर उपडा ठेवला.

"वाचा आता," ती म्हणाली. "पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.